अम्माचे खाडे

माईकवर माझं नाव घेतलं तेव्हा मला वाटलं, निबंधाचं बक्षीस असेल. मी उठले. ओढणी सारखी केली. स्टेजवर गेले. माझ्यामागून आणखी चौघी आल्या. आम्हाला ओळीत उभं केलं. मग मागच्या पडद्यावर एक तक्ता आला. पाच नावं. नावांपुढे हजेरीचे टक्के. लाल रंगात. सगळ्यात खाली मी.

नववीच्या सगळ्या तुकड्यांच्या मुली समोर बसलेल्या. हॉलचा एसी इतका गार असायचा की मुली हात बगलेत घालून बसायच्या. माझे कान मात्र तापले.

आमच्या सुपरवायझर मॅडम पुण्याच्या. माझ्याखेरीज अख्ख्या शाळेत त्या एकट्याच मराठी. नवरा कुठल्या तरी बँकेत मोठ्या जागेवर, घर समुद्राकडच्या टॉवरमध्ये, असं मुली सांगायच्या. चष्मा साखळीत अडकवून गळ्यात सोडलेला. त्या एकेकीला इंग्लिशमध्ये कारण विचारत होत्या. पहिली म्हणाली, टायफॉइड झाला होता. दुसरी भावाच्या लग्नाला केरळला गेली होती. मॅडम मान हलवत पुढे सरकत होत्या. माझ्यापाशी आल्या.

"अँड यू?"

"मॅम, मदर इज सिक."

"एव्हरी वीक सिक?"

हॉल हसला.

मग त्या एक पाऊल जवळ आल्या आणि मराठीत म्हणाल्या, "बरं, मराठीत सांग. काय अडचण आहे?"

मला इतकं बरं वाटलं. दोह्यात घराबाहेर कुणी माझ्याशी मराठीत बोललं की मला वाटायचं, आपलं माणूस. इंग्लिशमध्ये जे मला जुळवता येत नव्हतं ते सगळं आता सांगता येईल. मी घरी बोलते तशीच बोलायला लागले.

"मॅम, मना शालंत याचा असता हो रोज, पन आमचे अम्माला..."

"शाळेत," त्या म्हणाल्या. "शा-ळे-त. ल नाही, ळ. म्हण."

"शालेत."

"जीभ वर वळव. ळ."

माईक त्यांच्या हातात चालूच होता. मराठी कुणालाच कळत नव्हती. पण जीभ वळवणारी मी सगळ्यांना दिसत होते. पहिल्या रांगेतली एक मल्याळी मुलगी शेजारणीला ळ म्हणून दाखवत होती. त्यांच्या भाषेत तो भरपूर. मॅडमनी मला तीनदा म्हणायला लावलं. तीनदा माझा ल आला. मग त्यांनी माईक खाली घेतला आणि फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाल्या,

"तुमच्यात मुलींना शिकवायचंच नसतं. दहावी झाली की लग्न. मग दुसऱ्याची सीट कशाला अडवतेस?"

मला खाली जायला सांगितलं. मी गेले. अम्माचं जे सांगायचं होतं ते राहून गेलं.

ते आता सांगते.

माझ्या अम्माला ऐकू येत नाही. बोलता येत नाही. जन्मापासून. दापोलीकडच्या आमच्या गावात तिला कुणी नावानं हाक मारत नसे, कारण हाक मारून उपयोग नव्हता. खडा मारायचे. लहान खडा, पाठीवर. ती वळून बघायची आणि हसायची.

मुक्या-बहिऱ्यांची जी खरी हातांची भाषा असते, शिकवलेली, ती तिला कुणी शिकवली नाही. तिनं आपली आपण बनवली. अब्बा म्हणजे डोक्यावर टकटक, हेल्मेटची. साखरेचा आजार म्हणजे जिभेचं टोक चिमटीत. माझं नाव म्हणजे हनुवटीवर एक बोट, कारण माझ्या हनुवटीवर तीळ आहे. ही भाषा जगात चार माणसांना येत होती. गावच्या खालाला, म्हणजे मावशीला, अब्बांना थोडी, माझी धाकटी बहीण सना तेव्हा केजीत होती, तिला बारकी बारकी. आणि मला पूर्ण.

मी चौथीपर्यंत गावच्या मराठी शाळेत शिकले. मग अब्बांना फॅमिली व्हिसा मिळाला आणि आम्ही कतारला आलो. अल थुमामात एका व्हिलाचे भाग पाडून खोल्या केलेल्या, त्यातली वरची एक आमची. अब्बा मेसईदला स्टीलच्या प्लांटमध्ये क्रेन चालवायचे. पहाटे साडेचारला कंपनीची बस, संध्याकाळी अंधार पडता घरी. सुट्टी शुक्रवारची. आणि शुक्रवारी दवाखान्याची ओपीडी बंद.

अम्माला साखर निघाली. मग साखर डोळ्यांत उतरली. महिन्याला डोळ्यात सुई. त्याच्या आधी तपासणी. त्याच्या आधी रक्त. मधे साखरेच्या डॉक्टरची वेगळी तारीख. महिन्यातल्या चार-पाच सकाळी अशा जायच्या. दवाखान्यात हिंदी बोलणाऱ्या नर्स होत्या, मल्याळी होत्या, दुभाषेही होते. पण अम्माच्या हातांचा दुभाषी कुठून आणणार? डॉक्टर म्हणायची, वर बघा, पापणी हलवू नका, दुखलं तर सांगा. ते मी हातांनी अम्माला सांगायचे. अम्माचे हात मी डॉक्टरला इंग्लिशमध्ये सांगायचे.

"मना सुट्टी नाय मिलत, बाय," अब्बा म्हणायचे. "तू जा तिच्यासंगती. एक दिसानं काय होता?"

एक दिवसानं काय होतं, ते मला विचारा. मी सोमवारी गेले नाही, तर सोमवारी समीकरण शिकवलेलं असायचं. मंगळवारी टीचर म्हणायच्या, काल केलं तसंच. काल काय केलं ते मला माहीत नाही. बुधवारी त्याच्यावर पुढचं. आठवड्यानं फळ्यावर सगळं परकं. प्रॅक्टिकलला जोडीदारीण दुसरी जोडीदारीण धरायची, तिचीही चूक नाही. वर्गात काही विनोद झालेला असायचा, सगळ्या त्यावर आठवडाभर हसायच्या. मी विचारायचे, काय झालं? त्या म्हणायच्या, तू नव्हतीस. हळूहळू विचारणंही बंद. मी वर्गात असायचे तेव्हासुद्धा नसल्यासारखीच.

म्हणून सांगते, शाळा बुडवू नये हे मॅडमचं म्हणणं खरंच होतं. पण ते मला त्यांच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. माझ्या घरात उभ्या जन्मात एकच दिवस शाळेत गेलेली बाई होती.

हे मला खालानं सांगितलं, पुष्कळ नंतर. अम्मा सहा वर्षांची असताना नानानं, तिच्या बापानं, तिला शाळेत नेलं होतं. नवा फ्रॉक घालून. गुरुजींनी टाळी वाजवून बघितली, अम्मानं मागे वळून पाहिलं नाही. गुरुजी म्हणाले, हिला घेऊन मी काय करू, घरी ठेवा. दुसऱ्या दिवशी अम्मा पुन्हा एकटीच गेली. गुरुजींनी दार लावून घेतलं. ती दुपारपर्यंत पायरीवर बसली होती.

अम्माची शाळेची खूण होती ती अशी. एक हात खांद्यावर, दप्तराच्या पट्ट्यासारखा. मग दोन्ही तळवे एकमेकांवर मिटायचे. मला वाटायचं, तळवे मिटतात ते पुस्तक. इतकी वर्षं मी ते पुस्तकच समजत होते. खाला म्हणाली, "पुस्तक नाय गो. दरवाजा."

तर त्या दिवशी, हॉलमधून घरी आले. दप्तरात शाळेची चिठ्ठी, पालकांच्या सहीसाठी. अम्माला वाचता येत नव्हतं, पण चेहरा वाचता यायचा. तिनं मला धरून बसवलं. काय झालं? मी मान फिरवली. मान फिरवली की अम्माशी बोलणंच बंद होतं, कारण तिला हात आणि तोंड दिसायला लागतं. तिनं माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं. काय झालं?

मी सांगितलं. चष्मेवाली बाई. पुष्कळ मुली. मी वर उभी. सगळ्या हसल्या.

का?

मी चौदा वर्षांची होते. दिवसभर गिळलेलं सगळं वर आलं. मी बोट उचललं आणि तिच्याकडे दाखवलं.

तू. तुझ्यामुळे.

अम्माच्या हातांना कधी थांबलेलं मी पाहिलं नव्हतं. भाजी चिरतानासुद्धा ते मधेच काही बोलायचे. तेव्हा ते मांडीवर पडून राहिले.  मग ती उठली आणि भात बघायला गेली.

मॅडम जे बोलल्या ते मी माफ केलेलं नाही. पण मॅडम परक्या होत्या. हे बोट माझं होतं.

दुसऱ्या दिवशी अम्मानं मला नेहमीपेक्षा अर्धा तास आधी उठवलं. डबा भरलेला. युनिफॉर्मला इस्त्री. त्या दिवशी डोळ्यांची तारीख होती. मी डोळ्याकडे बोट केलं. तिनं खांद्यावर हात ठेवला, तळवे मिटले. शाळा. मी पुन्हा डोळा दाखवला. तिनं छातीवर थाप मारली. मी. एकटी. जाईन. मग हसली आणि दवाखान्याचं कार्ड दाखवलं, टॅक्सीवाल्याला दाखवायचं ते. नर्स आता ओळखते, असं हातानं सांगितलं. माझ्यासंगती जिन्यानं खाली आली आणि बस येईपर्यंत माझं मनगट सोडलं नाही. दार लागेपर्यंत बघत राहिली.

संध्याकाळी तिच्या डोळ्यावर कापसाची घडी आणि वर पट्टी. सुई झाली की लावतात तशी. तिनं अंगठा वर केला.

अब्बांना मी सांगितलं. ते खूश झाले. "शिकली ती आता. बरा झाला."

आम्हाला दोघांनाही ते सोयीचं होतं. म्हणून आम्ही जास्त काही विचारलं नाही.

त्या दिवसापासून मी शाळा बुडवली नाही. नववीचं उरलेलं वर्ष. दहावीचं सगळं वर्ष. ताप आला तरी गेले. वाळूचं वादळ होतं, अर्ध्या मुली आल्या नाहीत, मी गेले. आणि मला कळायला लागलं. फळ्यावरचं आदल्या दिवसाला जोडून दिसायला लागलं. बीजगणितात मी वर्गात तिसरी आले. एक जोडीदारीण मिळाली, जी माझी जागा धरून ठेवायची. ळ यायला लागला. तो मी एकटीनं न्हाणीघरात शिकले, नळ सोडून. रोज शाळेत जाणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. शिकणं तर आहेच. पण आपण नसलो तर कुणीतरी विचारतं, तेही आहे.

दर महिन्याला अम्माच्या डोळ्यावर कापूस असायचा. दर महिन्याला अंगठा वर.

दहावीच्या जानेवारीत एक गोष्ट बदलली. माझ्याशी बोलायचं असलं की अम्मा मला खेचून खिडकीपाशी न्यायची. नाहीतर ट्यूबलाइटखाली. माझे हात आपल्या नाकाजवळ ओढायची. जवळ ये, अजून जवळ. मला वाटायचं, लाड करते. परीक्षा आलीय, पोरगी दमते, म्हणून जवळ घेते. मला आवडायचं ते. मी तिच्या मांडीला मांडी लावून बसायचे.

मग एका दुपारी मी बसमधून उतरले. अम्मा खाली गेटपाशी उभी होती, रोजच्यासारखी. माझ्यापुढे आमच्याच गल्लीतली एक मुलगी उतरली होती. आठवीतली, हैदराबादची. तोच युनिफॉर्म, तीच ओढणी. अम्मानं तिच्याकडे बघून तोंडभर हसून हनुवटीवर बोट ठेवलं. माझं नाव. मग तिच्या खांद्यावरचं दप्तर घ्यायला हात पुढे केला. ती मुलगी घाबरून मागे सरली.

मी चार पावलांवर उभी होते. अम्मा माझ्याकडे बघत होती आणि मी तिला दिसत नव्हते.

दुसऱ्या दिवशी अब्बांनी रजा टाकली. पहिल्यांदा. माझी शाळा सुटल्यावर तिघं दवाखान्याच्या इमर्जन्सीत गेलो. डोळ्यांची डॉक्टर सुदानची होती, मोठ्या अंगाची, मऊ आवाजाची. तिनं अम्माचा डोळा तपासला. मग कॉम्प्युटरचा पडदा आमच्याकडे वळवला. तारखांची लांब यादी. सुरुवातीला तीन तारखांपुढे लिहिलं होतं, पेशंट एकटी आली, बोलणं समजत नाही, संमती घेता येत नाही, सोबत कुणाला तरी आणायला सांगितलं. त्यानंतर प्रत्येक तारखेपुढे एकच. आली नाही. आली नाही. आली नाही.

"वी सेंट मेसेजेस," डॉक्टर म्हणाली.

मेसेज अम्माच्या फोनवर गेले होते. अम्माला वाचता येत नव्हते.

"व्हाय डिड नोबडी ब्रिंग हर?"

मी म्हणाले, "आय वॉज इन स्कूल."

 खरं तेच होतं.

मी अम्माकडे वळले. तिचे हात धरून अगदी तिच्या डोळ्यांसमोर माझे हात नेले. कापूस? दर वेळी कापूस कुठून?  तिनं हळूच घराची खूण केली. घरचा. तिनं तीनदा जाऊन बघितलं होतं. तिन्ही वेळा काउंटरवरच्या बाईनं हात हलवून परत पाठवलं होतं. चौथ्यांदा ती गेलीच नाही. बुरखा घालून निघायची, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापाशी सावलीत बसायची, वेळ झाली की परत यायची आणि डोळ्यावर कापूस लावायची. आणि अंगठा वर करायची.

ऑपरेशन झालं. डावा डोळा गेलेलाच होता. उजव्यात उजेड-अंधार राहिला. हात हलतोय एवढं कळतं. काय बोलतोय ते नाही. म्हणजे बाकीच्यांची फक्त नजर जाते. अम्माचं ऐकणंही गेलं. तिला जी एकच भाषा येत होती ती तिला आता दिसत नव्हती.

त्यानंतर तीन आठवड्यांनी शाळेत निरोपाचा कार्यक्रम होता, दहावीचा. पूर्ण हजेरीची सर्टिफिकेटं वाटायची होती. माईक त्याच मॅडमच्या हातात. माझं नाव घेतलं. मी वर गेले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्या हॉलला इंग्लिशमध्ये सांगितलं की गेल्या वर्षी या मुलीला मी इथेच उभं केलं होतं, थोडी कडक झाले होते, आणि बघा, पंधरा महिन्यांत एकही खाडा नाही. शिस्त अशी लागते. टाळ्या.

त्यांनी सर्टिफिकेट पुढे केलं. मी हात पुढे केला नाही.

"घे ना," त्या मराठीत म्हणाल्या.

मी म्हणाले, "नाही घेणार, मॅम."

माईक त्यांच्या हातात होता, मी वाकून त्यात बोलले. इंग्लिशमध्ये, सगळ्यांना कळावं म्हणून. मी पाठ वगैरे केलेलं नव्हतं. म्हणाले, माझी आई बहिरी आहे. तिला दवाखान्यात न्यायला मी शाळा बुडवत होते. तुम्ही मला इथे उभं केल्यावर तिनं मला येऊ दिलं नाही आणि स्वतः जाणं सोडलं. आता तिला दिसत नाही. या हजेरीत माझं काही नाही. हे दिवस तिचे आहेत. तुमच्या शिस्तीचेही नाहीत.

 मॅडमचा चेहरा उतरला होता, खोटं कशाला सांगू. त्या दुष्ट नव्हत्या. त्यांना खरंच माहीत नव्हतं. हळू आवाजात म्हणाल्या, "अगं, मला काय माहीत? तू कधी सांगितलंच नाहीस."

"सांगत होते, मॅम," मी म्हणाले. "तुम्ही मला ळ म्हणायला लावत होता."

ळ बरोबर आला.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मला ऑफिसात बसवलं आणि अब्बांना फोन गेला. ते मेसईदहून प्लांटच्या कपड्यांतच आले. बुटांना ग्रीस. गालिच्यावर पाय ठेवायला बिचकत होते. प्रिन्सिपॉल बोलत होते की परीक्षा तोंडावर आहे, मुलीचं वागणं बरोबर नाही. अब्बा हात जोडून उभे. त्यांना बसा म्हटलेलं मला आठवत नाही. ते एकच वाक्य म्हणत राहिले.

परतताना टॅक्सीत आम्ही दोघं मागे बसलो. अल थुमामा येईपर्यंत अब्बा बाहेर बघत होते. मग म्हणाले, "सॉरी मॅडम, सॉरी सर. एवढा इंग्लिस मना येता." आणि हसायला गेले. हसू आलं नाही. तोंडावर हात दाबून रडायला लागले. ड्रायव्हर पाकिस्तानी होता. त्यानं आरसा वर केला.

मी बोर्डाची परीक्षा दिली. चांगले मार्क पडले. अम्माला ते सांगायला तिच्या तळहातावर बोटानं आकडे काढले. आकडे तिला येत होते. तिनं तळहात मिटून घेतला आणि बराच वेळ उघडला नाही.

आता मी बावीस वर्षांची आहे. बारावीनंतर शिक्षण थांबलं. अम्मा आणि मी हातावर हात ठेवून बोलतो. तिच्या जुन्या खुणा मी तिच्या अंगावर करते. हेल्मेटची टकटक तिच्या डोक्यावर. साखर तिच्या ओठावर. मी घरी आले की ती माझी हनुवटी चाचपते, तीळ सापडला की मगच हात सोडते. या भाषेचा वेग फार कमी आहे. एक साधं भांडण करायला अर्धा तास लागतो. आम्ही करतो.

मी तिला एकदाच विचारलं. का केलंस? ती म्हणाली, तू बोट दाखवलंस ते खरं होतं. मी सांगितलं, नव्हतं. तिनं मान हलवली. होतं. यावर आमचं अजून जमलेलं नाही.

गेल्या महिन्यापर्यंत मी एका गाड्या भाड्यानं देणाऱ्या ऑफिसच्या काउंटरवर होते, दुपारची ड्यूटी. सकाळ अम्माची. मग मॅनेजरनं पंधरा दिवस सकाळची ड्यूटी लावली. मी शेजारणीला सांगून ठेवलं, तासातासानं डोकाव. तिसऱ्या दिवशी ऑफिसात फोन आला. सनाच्या क्लास टीचरचा. सना दोन दिवस आली नाही, घरी सगळं ठीक आहे ना?

सना आता तेरा वर्षांची. आठवीत. दोन्ही दिवस सकाळी मी तिची वेणी घातली होती, डबा दिला होता.

मी घरी गेले. सना युनिफॉर्ममध्ये जमिनीवर बसलेली, अम्माचे पाय मांडीवर घेऊन. मला बघून उठली. तिला मराठी सगळी कळते, पण उत्तर इंग्लिशमध्ये देते. म्हणाली, वही विसरले म्हणून मी परत वर आले होते. अम्मा खोलीत एकटी होती. "शी वॉज टॉकिंग. विथ हर हँड्स. देअर वॉज नोबडी." तिचे हात हवेत बोलत होते. समोर कुणी आहे की नाही ते तिला कळत नव्हतं. ती थांबायची, वाट बघायची, आणि पुन्हा तेच विचारायची.

सनाला मग खाली जाता आलं नाही.

मी म्हणाले, "मला का नाही सांगितलंस?"

"समबडी हॅज टू, ना? यू ऑल्सो डिड."

मी तिला मारणार होते. हात उचलला होता. मग खाली घेतला. तिनं काही चुकीचं केलं नव्हतं. ती फक्त माझ्यामागून चालत होती, आणि मी अम्मामागून. कुणी हाकलायला लागलंच नव्हतं. दारात कुणी गुरुजी नव्हते, माईकवर मॅडम नव्हत्या. टीचरनं तर नीट विचारलं होतं. घरातल्या एका बाईनं शाळा सोडावी, हे सनाच्या अंगात आपोआप आलं होतं.

त्याच दुपारी मी मॅनेजरला सांगितलं, सकाळी मी येणार नाही. तो म्हणाला, मग दुसरी कुणी येईल, खलास. मी चाव्या काउंटरवर ठेवल्या. दुसऱ्या दिवशी सनाला घेऊन तिच्या शाळेत गेले. टीचरला सगळं सांगितलं, अम्माच्या हातांपासून. उभ्यानं नाही, खुर्ची ओढून बसून. म्हणाले, ही एक दिवस जरी आली नाही तर मला त्याच सकाळी फोन करा, आठवड्यानं नाही. मग दवाखान्यात गेले. लिहून दिलं की या पेशंटला एकटी आली म्हणून परत पाठवायचं नाही, आणि मेसेज माझ्या नंबरवर पाठवा. काउंटरवरचा माणूस म्हणाला, असा फॉर्म नाही. मी म्हणाले, मग कागदावर घ्या, मी थांबते. दोन तास थांबले. त्यानं घेतला.

संध्याकाळी अब्बांसमोर सनाला बसवलं आणि सांगितलं. तिला, त्यांना, आणि तळहातावर अम्माला, तेच, सावकाश.

सना रोज शाळेत जाईल. मी आजारी असले तरी. अम्मा आजारी असली तरी. घरात पाहुणे असले, लग्न असलं, मयत असली तरी. अम्माची एकही तारीख चुकणार नाही. कुठलं तरी दुपारचं काम मी शोधीन आणि माझं राहून गेलेलं कॉलेजही करीन. हे जमणार नाही, असं अब्बा म्हणाले. जमवायचंय, एवढंच मी म्हणाले.

आमच्यातल्या एकीनं मागे राहायचं आणि बाकीच्यांनी पुढे जायचं, हे आता कुणीही सांगू दे. शाळा सांगू दे, ऑफिस सांगू दे, अब्बा सांगू देत, अम्मा स्वतःच्या हातांनी सांगू दे. मी ऐकणार नाही.